यीस्टच्या गोळ्यातून काय निघाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा आपल्या कार्यकारिणीने ठरविले की, बाहेरचा वक्ता न बोलावता सभासदांनीच आपल्या घरातील कोणाचे काम काय चालते ते सांगावे. सकाळपासून आपण रेल्वेच्या सिग्नलविषयी ऐकले, पतपेढीच्या हिशेबाविषयी ऐकले. माझ्या वाट्याला आमच्या मीनलचे काम आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय रसायनशास्त्राचा. तेव्हा मी प्रथम नकोच म्हणत होते. पण गोदाकाकूंनी मला जिन्यात तीनदा विचारले, "अगं, तुझी लेक रात्री दहा-दहा वाजेपर्यंत त्या कॉलेजात करते तरी काय?" तिन्ही वेळा मी म्हणाले, "यीस्टवर काम करते," आणि तिन्ही वेळा काकू म्हणाल्या, "म्हणजे पाव करते का?" तेव्हा आज एकदाच सविस्तर सांगते. साले आणि आकडे मीनलकडून लिहून घेतले आहेत. समजावण्याची रीत मात्र माझी आहे.

यीस्ट आपल्याला पावामुळे ठाऊक. ती एक प्रकारची बुरशी, पण भाकरीवर येते तशी तंतूंची नव्हे. एकेक पेशी सुटी, अंड्यासारखी गोल, आणि इतकी लहान की एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यांतल्या एका भागाएवढी. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या यीस्टच्या एका ग्रॅममध्ये अशा शेकडो कोटी पेशी असतात. साखर आणि ऊब मिळाली की त्या वायू सोडतात आणि पीठ फुगते. (इडलीचे पीठ फुगते ते मात्र मुख्यतः जिवाणूंचे काम, त्यांचा आणि यीस्टचा घोटाळा करू नये, तो फरक पुढे कामाचा आहे.) ही पेशी लहान खरी, पण तिच्यात आपल्या पेशींसारखेच मधोमध केंद्रक असते. जिवाणूत ते नसते. म्हणून शास्त्रज्ञ यीस्टला आपली लांबची नातलगच मानतात.

आता आर.एन.ए. म्हणजे काय ते. समजा, घरात आजीची पाककृतींची वही आहे. ती कपाटात कुलपात असते, कोणाला बाहेर नेऊ देत नाहीत. ती वही म्हणजे डी.एन.ए. तिच्यातली एखादी कृती कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून स्वयंपाकघरात आणतात; ती चिठ्ठी म्हणजे एका जातीचा आर.एन.ए. सामान आणून देणारी पोर म्हणजे दुसऱ्या जातीचा. आणि ज्या शेगडीवर प्रत्यक्ष पदार्थ शिजतो, ती शेगडी म्हणजे रायबोसोम. पदार्थ कोणता, तर प्रथिने; पेशीचे सारे अंग त्यांचे. आता गंमत अशी की ही शेगडीसुद्धा बव्हंशी आर.एन.ए.चीच घडविलेली आहे. पेशीतला एकूण आर.एन.ए. मोजला तर शंभरात ऐंशीच्या आसपास हा शेगडीचाच निघतो. चिठ्ठ्यांची नुसती चिमूट. यीस्टच्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात, आणि पेशी जोमाने वाढत असली तर दर मिनिटाला सुमारे दोन हजार नवे तयार होतात. आपल्याला दिवाळीचा फराळ एवढा वाटतो!

मीनलचे काम म्हणजे ही शेगडी यीस्टमधून काढायची, तिचे प्रथिन बाजूला करायचे, आर.एन.ए.चे धागे एकमेकांपासून निवडायचे, आणि एकेका धाग्यात कोणते रसायन किती ते तपासायचे.

हे काम काही तिने काढलेले नाही. फार जुने आहे. 1869 साली जर्मनीत ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर नावाच्या तरुणाने इस्पितळातील जखमांच्या पट्ट्या गोळा केल्या, त्यांवरचा पू धुऊन काढला, आणि त्या पेशींच्या केंद्रकांतून फॉस्फरस असलेला एक नवाच पदार्थ वेगळा केला. ऐकून नाक मुरडू नका. नवे शास्त्र पुष्कळदा अशाच ठिकाणी सापडते. पुढे असा पदार्थ मिळविण्याच्या दोन सोयीच्या जागा ठरल्या. एक वासराच्या गळ्यातील थायमस ग्रंथी, दुसरी यीस्ट. यीस्ट स्वस्त, कारण बिअरच्या आणि पावाच्या कारखान्यांत ती मणांनी तयार होते. न्यूयॉर्कला फिबस लेव्हीन यांनी 1909 साली यीस्टच्या पदार्थातील साखर ओळखली. तिचे नाव रायबोज. थायमसमधल्या पदार्थात हीच साखर, पण प्राणवायूचा एक कण कमी असलेली, हे त्यांना 1929 साली कळले. आर.एन.ए.मधला 'आर' तो रायबोजचा, आणि डी.एन.ए.मधला 'डी' त्या एका कणाच्या उणेपणाचा. मधल्या काळात लोकांची अशी समजूत होती की एक पदार्थ वनस्पतींचा आणि दुसरा प्राण्यांचा. वासरात एक सापडला, यीस्टमध्ये दुसरा, म्हणून लगेच जातपात ठरवून टाकली! दोन्ही पदार्थ सर्वच सजीवांत असतात, हे उमजायला पुष्कळ वर्षे गेली.

त्या काळी यीस्ट अल्कलीने काढीत. ते सोपे, पण त्यात धाग्याचे तुकडे पडतात. तुकडेच हाती आल्यामुळे मूळ धागा केवढा लांब, हे कोणाला कळण्याचा मार्गच नव्हता. लेव्हीन यांना वाटले की चार घटक सारख्या प्रमाणात, एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, बाकी विशेष काही नाही. पुरण शिजून लगदा झाल्यावर डाळ अख्खी होती की भरडलेली, ते कसे सांगणार?

म्हणून धागा न तोडता काढायचा, हीच या कामातली खरी कसोटी. मी मागल्या दिवाळीच्या सुटीत दोन दिवस मीनलच्या प्रयोगशाळेत स्टुलावर बसून हे सारे पाहिले, म्हणून सांगू शकते.

यीस्ट आदल्या संध्याकाळी साखरेच्या पोषक पाण्यात घालून तीस अंशांवर रात्रभर हलत ठेवतात. सकाळी ते पाणी गढूळ, ताकासारखे होते. यंत्रात गरगर फिरवले की यीस्ट तळाशी बसते. वरचे पाणी ओतून टाकून ती गार पाण्याने धुतात. मग फोडायची. यीस्टची साल फार चिवट. नुसते ढवळून फुटत नाही. अर्ध्या मिलिमीटरचे काचेचे मणी घालून नळी जोराने हलवतात, मध्येच बर्फात ठेवतात, पुन्हा हलवतात. पाट्यावर वरवंटा चालवायचा तोच हा प्रकार, फक्त वरवंटे हजारो आणि मोहरीपेक्षा लहान.

बर्फ कशासाठी, ते विचारले. तर पेशी फुटल्याबरोबर तिच्यातीलच काही पाचक रस सुटतात आणि आर.एन.ए. कुरतडू लागतात. आणि असाच रस, मैत्रिणींनो, आपल्या हातांच्या घामातही असतो! तो इतका चिवट की उकळलेल्या पाण्यालाही दाद देत नाही. म्हणून मीनल हातमोजे घालून बसते. काचेची भांडी भट्टीत काही तास भाजून घेते. केसांना, मोबाइलला, दाराच्या मुठीला मोज्यांनी शिवले तर ते मोजे टाकून नवे घालते. मला टेबलाजवळ येऊ दिले नाही. आमच्या सासूबाईंचे सोवळे मी वीस वर्षे पाळले, पण असले कडक सोवळे पाहिले नव्हते. सासूबाईंना घरी येऊन सांगितले तेव्हा त्या प्रथमच त्या कॉलेजाविषयी बरे बोलल्या.

फोडलेल्या यीस्टमधला चोथा आधी मंद फिरवून काढतात. मग वरचे पाणी फार वेगाच्या यंत्रात दोन तास फिरवतात. त्याचा जोर पृथ्वीच्या ओढीच्या लाखपट असतो. एवढ्या जोराने रायबोसोम तळाशी बसतात. मला वाटले होते पांढरा गाळ दिसेल. तर काचेच्या थेंबासारखी स्वच्छ, पारदर्शक टिकली दिसली. पाण्यात मॅग्नेशियम असले तर रायबोसोमचे दोन भाग एकमेकांना धरून राहतात, मॅग्नेशियम काढले की सुटे होतात. या भागांना त्यांच्या तळाशी बसण्याच्या वेगावरून नावे दिली आहेत. त्या मापाचे नाव स्वीडनच्या स्वेडबर्ग यांच्यावरून पडले. ते वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे जनक, 1926 सालचे नोबेल मानकरी. मोठा भाग 60, धाकटा 40, आणि दोन्ही मिळून 80. मी म्हटले, "शंभर व्हायला हवेत ना गं?" तर म्हणाली, "आई, हे वजन नव्हे, वेग आहे. दोघी हातात हात घालून पळाल्या तर दोघींच्या वेगाची बेरीज होते का?" ते पटले.

नंतर प्रथिन काढायचे. त्यासाठी फिनॉल आणि साबणासारखा एक पदार्थ घालून हलवतात. फिनॉलने कातडी भाजते, म्हणून ते काचेच्या पडद्यामागे करतात. पुन्हा फिरवले की नळीत थर दिसतात. खाली फिनॉल, वर पाणी, आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखा पांढरा पापुद्रा. ती साय म्हणजे प्रथिन. आर.एन.ए. वरच्या पाण्यात राहतो. मध्यल्या सायीला धक्का न लावता वरचे पाणी नळीने उचलणे हे हाताचे कसब आहे. मीनल थोडे पाणी मागे सोडते पण साय येऊ देत नाही. हे दोनतीनदा केले की साय धरेनाशी होते. मग त्या पाण्यात थोडे मीठ आणि अडीचपट गार अल्कोहोल घातले की डोळ्यांदेखत पांढरे धागे उतरतात. मोदकाच्या उकडीत तूप पडल्यावर कसे रेघा-रेघा दिसते, तसे. तेवढ्या एका क्षणासाठी मला तो सारा खटाटोप आवडला.

यात चारही धागे एकत्र असतात. यीस्टच्या रायबोसोममध्ये चार धागे: पंचवीस एस, अठरा एस, पाच पूर्णांक आठ एस, आणि पाच एस. 'एस' हे त्याच स्वेडबर्गांचे अक्षर. आधी दाट खारट पाण्यात मोठे धागे गाळासारखे बसतात आणि लहान वर तरंगत राहतात. त्यामुळे अर्धी निवड होते. उरलेली निवड साखरेवर. उभ्या नळीत साखरेचे पाणी असे भरतात की तळाशी दाट, आणि वर वर पातळ होत जाईल. वर आर.एन.ए.चे थेंब हलकेच सोडायचे आणि नळी मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांनी रात्रभर फिरवायची. जड धागा दाट पाकात खोल उतरतो, हलका वर राहतो. सकाळी नळीच्या तळाला सुईने भोक पाडून थेंब थेंब वेगवेगळ्या बाटल्यांत धरतात, आणि प्रत्येक बाटलीत अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात. कागदावर दोन टेकड्या उमटतात: पहिली पंचवीस एसची, दुसरी अठरा एसची, आणि शेवटी लहानांचा एक उंचवटा. पहिली टेकडी दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आली की समजावे, धागे अख्खे आहेत. दुसरी मोठी दिसली तर रात्रीची सारी मेहनत वाया. कोठेतरी धागा तुटला. हल्ली झटपट पाहायचे असेल तर समुद्रशेवाळाच्या वडीतून वीज सोडून तासाभरात पाहतात. ती वडी, बरे का, आपल्या चायना ग्रासचीच शुद्ध केलेली बहीण.

पाच पूर्णांक आठ एस हा धागा मात्र चोरटा. तो मोठ्या पंचवीस एसला बिलगून बसतो आणि टेकडीत दिसतच नाही. त्याला सुटा करायचा तर साठ-पासष्ट अंशांवर काही मिनिटे ऊन करून लगेच बर्फात घालायचे. अशीच ऊब देताना 1968 साली त्याचा पत्ता लागला. यीस्टमधल्या या धाग्याची अक्षरे ओळीने लावून दाखविली ती जेराल्ड रुबिन यांनी, 1973 साली. अक्षरे 158. त्याहून लहान पाच एसची 121. अठरा एसची 1,800, आणि पंचवीस एसची 3,396.

अक्षरे म्हणजे काय, ते सांगायचे राहिलेच. धाग्याला अल्कलीत सदतीस अंशांवर सुमारे अठरा तास ठेवले की त्याचे मणी सुटे होतात. (डी.एन.ए.चे होत नाहीत. प्राणवायूचा तो एक कण नाही ना, त्याचा हा परिणाम.) मणी चार जातींचे: ए, जी, सी आणि यू. हे मणी निवडायला पूर्वी गाळणकागद वापरीत. कागदाच्या टोकाला थेंब लावायचा, टोक द्रवात बुडवायचे. द्रव वर चढतो आणि प्रत्येक जात आपापल्या वेगाने पुढे सरकते. पावसात भिजलेल्या वहीच्या शाईचे निळे-जांभळे पट्टे होतात, तसे. मग डाग कापून मोजायचे. यीस्टच्या रायबोसोमच्या धाग्यात सी सर्वांत कमी निघतो, जी थोडा अधिक. डी.एन.ए.मध्ये जोडीदार अक्षरे सारखी निघतात, इथे तसा हिशेब जुळत नाही; म्हणजे हा धागा एकेरी आहे, दुहेरी नव्हे. लेव्हीनसाहेबांचा 'चौघे सारखे' हा हिशेबही इथे कोसळला. याशिवाय ऑर्सिनॉल नावाचे रसायन आम्लासह घालून उकळले की आर.एन.ए. हिरवा होतो. मीनलने मला तो हिरवा रंग दाखविला; रंगपंचमीच्या पाण्यासारखा.

जाता जाता एक घरगुती गोष्ट. या चौघांतील ए आणि जी यांचे आपल्या शरीरात शेवटी युरिक ॲसिड होते. यीस्टमध्ये आर.एन.ए. भरपूर, म्हणून युरिक ॲसिड वाढलेल्यांना डॉक्टर यीस्टचा अर्क आणि कलेजी वर्ज्य सांगतात. आमच्या यजमानांना हे मी सांगितले तेव्हा त्यांनी कोठे मानले; मुलीने कागदावर काढून दाखविले तेव्हा मानले.

आता मुख्य गोष्टीला येते. मणी चार, तेव्हा डागही चारच पडावेत. पण 1951 साली अमेरिकेत वॉल्डो कोन आणि इलियट वॉल्किन यांना चौघांखेरीज थोडीशी अनोळखी भर दिसली. 1957 साली डेव्हिस आणि ॲलन या दोघांनी यीस्टच्या आर.एन.ए.मधून हा पाचवा मणी काढून तपासला. पुढे तो रायबोसोमच्या धाग्यांतही सापडला. साडेपाच हजार अक्षरांत चाळीसहून थोडा अधिक. तो होता तरी काय? यू हेच अक्षर, पण साखरेला निराळ्या बाजूने जोडलेले. कप तोच, बशी तीच, फक्त कान भलत्या जागी बसविलेला. त्याचे नाव ठेवले स्यूडोयुरिडिन, म्हणजे नकली यू. नावातच हेटाळणी.

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक स्थळ आले. मुलगा चांगला, माणसे चांगली, बोलणे सभ्य. त्यांचे म्हणणे एवढेच की एम.एस्सी. झाली, ठीक, आता पुढची पाच वर्षे यीस्टमध्ये कशाला? त्याचा उपयोग काय? सासूबाईंना ते पटले. यजमान गप्प आहेत. मला सातवीनंतर शाळेतून काढले, तेव्हाही कोणी वाईट हेतूने काढले नव्हते. आमच्या आण्णांनीही हेच विचारले होते, उपयोग काय. मला तेव्हा उत्तर येत नव्हते. या खेपेला मी मीनलला म्हटले, मला उत्तर दे. तिने या नकली यूची पुढची कथा सांगितली.

हंगेरीत कॅटलिन कॅरिको नावाची मुलगी 1955 साली जन्मली. बाप खाटीक. शिकून ती आर.एन.ए.वरच काम करू लागली. 1985 साली नवऱ्याबरोबर, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेला निघाली. देशातून जास्त पैसे बाहेर नेता येत नव्हते, म्हणून मोटार विकून आलेले नऊशे पौंड तिने मुलीच्या अस्वलाच्या बाहुलीत शिवून नेले. आपल्यापैकी कितीजणींनी पोलक्याच्या अस्तरात नोटा शिवल्या असतील, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिचे म्हणणे असे की आर.एन.ए.ची चिठ्ठी माणसाच्या शरीरात घातली तर शरीर आपले औषध आपणच शिजवील. कोणी ऐकेना. अनुदान मिळेना. 1995 साली तिच्या विद्यापीठाने तिला खालच्या पदावर उतरविले. अडचण खरीही होती: बाहेरून घातलेली चिठ्ठी शरीराला शत्रूची वाटे आणि दाह होई. पण सर्वच आर.एन.ए.ने तसा दाह होत नसे. ज्यांत अशी बदललेली अक्षरे अधिक, ते शरीर मुकाट्याने स्वीकारी. 1997 साली छायाप्रती काढण्याच्या यंत्रापाशी तिची ड्रू वाइसमन यांच्याशी ओळख झाली, आणि 2005 साली दोघांनी दाखवून दिले की चिठ्ठीतल्या यूच्या जागी तो नकली यू घातला की दाह होत नाही.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. 2020 साली करोना आला. त्या वर्षाच्या अखेरीस परदेशांत ज्या पहिल्या दोन आर.एन.ए. लसी निघाल्या, त्यांत याच पाचव्या मण्याला आणखी एक लहानसा मिथिलचा कण जोडून वापरले होते. आपण बहुतेकींनी घेतल्या त्या लसी निराळ्या जातीच्या होत्या, हे मी मुद्दाम सांगते. उगाच सारे श्रेय एकीला देऊ नये. कॅरिको आणि वाइसमन यांना 2023 साली नोबेल मिळाले. 1957 साली डेव्हिस आणि ॲलन यांना कोणी विचारले असते की या डागाचा उपयोग काय, तर त्यांना लस म्हणता आले नसते. त्यांच्यापाशी फक्त यीस्ट होती आणि एक न जुळणारा हिशेब होता.

शेगडीच्या आर.एन.ए.चा उपयोग तर आपण सर्वांनीच घेतला आहे. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे जिवाणूंच्या रायबोसोमला जाऊन चिकटतात आणि त्यांची शेगडी विझवतात. जिवाणूची शेगडी आपल्याहून थोड्या निराळ्या घडणीची, म्हणून ती विझते आणि आपली पेटती राहते. यीस्टची मात्र आपल्यासारखी. म्हणून आपली कशी चालते ते यीस्टवर पाहता येते. प्रथिनाचे दुवे जोडण्याचे काम रायबोसोममधील प्रथिने करतात की आर.एन.ए., हा वाद पुष्कळ वर्षे होता. 2000 साली रायबोसोमची नीट आकृती मिळाली आणि कळले की दुवा जोडतो तो आर.एन.ए.च. त्या आकृत्यांबद्दल 2009 साली तिघांना नोबेल मिळाले: बडोद्याला शिकलेले आपले वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ, आणि जेरुसलेममध्ये गरिबीत वाढलेल्या आदा योनाथ. यीस्टच्या अख्ख्या रायबोसोमची बारीक आकृती फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे 2011 साली पुरी झाली.

मीनल पाहते आहे ती गोष्ट याच्यापुढे अगदी लहान. यीस्ट थंडीत वाढविली तर पंचवीस एसमधली ही पाचवी अक्षरे सारी आपापल्या जागी राहतात, की एखादी जागा मोकळी सुटते? त्यासाठी दर खेपेस तेच: मणी, बर्फ, फिनॉल, साय, पाक, टेकड्या. आतापर्यंत अकरा वेळा केले. चारदा दुसरी टेकडी मोठी आली आणि सारे ओतून टाकावे लागले. निकाल काय, असे विचारले की म्हणते, अजून सांगता येत नाही, आणखी दोन हिवाळे लागतील. स्थळाच्या मंडळींना मी हेच कळविले आहे: दोन हिवाळे थांबत असाल तर बोलू. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. सासूबाईंनी परवा आपण होऊन विचारले, "त्या मुलीची टेकडी नीट आली का?" एवढे मी ऐकले.

मीनल आज मागच्या रांगेत बसली आहे. तिने दोन नळ्या आणल्या आहेत. एकीत अल्कोहोलमध्ये उतरलेला यीस्टचा आर.एन.ए. आहे, दुसरीत तो हिरवा रंग. बटाटेवडे येईपर्यंत पाहून घ्या, काय विचारायचे ते तिलाच विचारा. नळ्यांना हात मात्र कोणी लावू नका. गोदाकाकू, तुम्हीसुद्धा.